गोल बाजार, रायपूर : वाढते शहर आणि महापालिकेची न दिसणारी तूट

रायपूर : छत्तीसगडच्या राजधानीतील गोल बाजार ही शहराची जुनी व्यापारपेठ. किराण्यापासून पूजासाहित्यापर्यंत सारे येथे मिळते. महापालिकेच्या अर्थकारणाची कोंडी समजून घ्यायलाही हीच जागा सोयीची आहे.

1 नोव्हेंबर 2000 रोजी रायपूर राजधानी झाले. 2001 च्या जनगणनेत महापालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे 6 लाख होती; 2011 मध्ये ती 10 लाखांवर गेली. हद्दवाढीचाही त्यात वाटा आहे. मात्र नव्या वस्त्यांना खारून नदीचे पाणी पोहोचवायचे, कचरा उचलायचा, दिवे लावायचे, ही कामे महापालिकेच्याच माथी आली.

पूर्वी बाजारात माल आला की नगराच्या तिजोरीत जकात पडे. व्यापार वाढला की उत्पन्न वाढे. तत्कालीन मध्य प्रदेश सरकारने 1976 मध्ये जकात रद्द केली आणि तिच्या जागी राज्याचा प्रवेश कर आला. (मुंबईत जकात थेट 2017 पर्यंत टिकली.) 1 जुलै 2017 पासून प्रवेश करही वस्तू व सेवा करात विलीन झाला. आज गोल बाजारातील उलाढालीवरचा कर केंद्र व राज्याकडे जातो. महापालिकेला मिळते ती जकातीची भरपाई आणि अनुदाने. स्वतःचे म्हणून उरतात मालमत्ता कर, पाणीपट्टी, दुकानांचे भाडे आणि काही शुल्क.

राज्य सरकार तूट कर्जाने भरून काढू शकते. वित्तीय उत्तरदायित्व कायद्यानुसार त्याची सर्वसाधारण मर्यादा सकल राज्य उत्पन्नाच्या 3 टक्के आहे. महापालिकेला कर्जासाठी राज्याच्या मंजुरीची वाट पाहावी लागते. त्यामुळे तिची तूट अर्थसंकल्पाच्या आकड्यांत फारशी दिसत नाही. ती तुंबलेल्या नालीत आणि लांबलेल्या जलवाहिनीत दिसते.

पंधराव्या वित्त आयोगाने 2011 ची लोकसंख्या आधार मानली आणि केंद्रीय करांतील छत्तीसगडचा वाटा 3.08 वरून 3.407 टक्के झाला. दशलक्षी शहरांसाठी 2021-26 या काळात 38,196 कोटी रुपयांचा स्वतंत्र निधी ठेवला गेला. त्यात रायपूरही आहे. हे पैसे हवेची गुणवत्ता, पाणी व स्वच्छतेशी बांधलेले आहेत. शिवाय मालमत्ता कराचे किमान दर ठरवून वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या प्रमाणात वाढवण्याची अटही आहे. अट कडक, पण रास्त म्हणावी लागेल.

गोल बाजारातील दुकानदारांना मालकी हक्क देण्याचा प्रस्ताव गेल्या काही वर्षांत चर्चेत राहिला. त्यातून महापालिकेला एकरकमी पैसा मिळेल, मात्र भाड्याचा कायमचा स्रोत आटेल. जलवाहिनी एकरकमी पैशातून टाकता येते. सफाई कामगारांचे वेतन दरमहा द्यावे लागते. त्यातच पुढील जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. तोवर रायपूरच्या गरजेचे अधिकृत मोजमाप 2011 चेच राहील.