पोलंडमधील समाजवादाचे पुनरागमन : एक पुनर्विचार



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, ते राष्ट्र सेवा दलाच्या मुशीतून घडलेले समाजवादी होते. सप्टेंबर १९९३ मध्ये पोलंडच्या निवडणुकीत माजी कम्युनिस्टांची आघाडी सर्वांत मोठी ठरल्याची बातमी आली, तेव्हा त्यांना मनापासून आनंद झाला. मलाही झाला. समाजवाद मेलेला नाही, त्याने केवळ कूस बदलली आहे, असे मी त्या वेळी एका अभ्यासमंडळात ठासून सांगितले होते. ते विधान आज तपासून पाहावे, असे मनात आहे.

पोलंड आपल्या परिसराला अगदीच परका नाही. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. सोव्हिएत सत्तेने १९४०-४१ मध्ये पूर्व पोलंडमधून सायबेरिया व मध्य आशियाकडे हद्दपार केलेल्या कुटुंबांपैकी ही माणसे होती. वास्तविक पोलंडला १८९२ पासूनची स्वतःची समाजवादी पक्षपरंपरा होती. परंतु महायुद्धानंतर जो समाजवाद राज्यावर बसला तो लाल सेनेच्या पाठोपाठ आला, आणि १९४८ मध्ये त्याने त्या जुन्या समाजवादी पक्षालाही आपल्या पोटात घेतले. पुढे १९८० मध्ये कामगारांच्या नावे चालणाऱ्या या राजवटीला आव्हान दिले तेही ग्दान्स्कच्या गोदीतील कामगारांनीच. त्यांची 'सॉलिडॅरिटी' जून १९८९ च्या निवडणुकीत विजयी झाली आणि जानेवारी १९९० मध्ये कम्युनिस्ट पक्षाने स्वतःचे विसर्जन केले.

मग अवघ्या साडेतीन वर्षांत त्याचे वारस परतले कसे? १ जानेवारी १९९० पासून अर्थमंत्री बाल्त्सेरोविच यांची बाजारवादी योजना अमलात आली. महागाई आटोक्यात येऊ लागली खरी. पण कारखाने बंद पडले, सरकारी शेतमळे मोडीत निघाले आणि ज्या देशाला बेकारी हा शब्द जवळजवळ अपरिचित होता, तेथे १९९३ च्या अखेरीस बेकारीचे प्रमाण १६ टक्क्यांवर गेले. लोकांना जुनी राजवट नको होती. जुनी शाश्वती हवी होती. मात्र निकालाचे गणित पाहावे. डाव्या आघाडीला मते मिळाली २० टक्के, आणि ४६० पैकी जागा १७१! उजवे गट आपसांत फुटून पाच टक्क्यांच्या किमान अटीत अडकले आणि मतदारांपैकी एक तृतीयांशाची मते वाया गेली. पाचांपैकी चार मतदारांनी या आघाडीला मत दिले नव्हते, हे आकडे समोर असूनही माझ्या ध्यानात आले नाही.

१९९५ मध्ये क्वाश्नियेव्स्की यांनी लेक वालेसा यांचा अध्यक्षीय निवडणुकीत पराभव केला. २००१ मध्ये तर आघाडीने ४१ टक्के मते मिळविली व लेशेक मिलर पंतप्रधान झाले. या सत्तेचा विनियोग कसा झाला, हाच खरा प्रश्न होय. बेकारी २० टक्क्यांच्या घरात असताना या समाजवादी सरकारने कंपन्यांवरील कर २७ वरून १९ टक्क्यांवर आणला आणि २००३ मध्ये इराकला सैन्य धाडले. चित्रपटनिर्माते रिविन यांच्या लाचखोरीच्या प्रकरणाने उरलीसुरली नैतिक प्रतिष्ठाही गेली. देशाला युरोपीय संघात नेण्याचे श्रेय त्यांना द्यावेच लागेल. पण ते कुशल प्रशासकांचे श्रेय आहे, समाजवाद्यांचे नव्हे. २००५ मध्ये मते ११ टक्क्यांवर घसरली. २०१५ मध्ये, १९८९ नंतर प्रथमच, संसदेत एकही डावा पक्ष उरला नाही.

आणि त्यानंतर जे घडले ते अधिक बोलके आहे. डाव्यांनी सोडलेली जागा उजव्या, कॅथलिक, राष्ट्रवादी 'कायदा आणि न्याय' पक्षाने घेतली. एप्रिल २०१६ पासून दुसऱ्या व त्यापुढील प्रत्येक अपत्यामागे दरमहा ५०० झ्लॉटी, पुढे २०१९ पासून पहिल्या अपत्यालाही. २०१७ मध्ये निवृत्तीचे वय पूर्ववत खाली. ज्यांनी १९९३ मध्ये शाश्वतीसाठी मत दिले होते, त्यांना ती अखेर समाजवादाच्या कडव्या विरोधकांकडून मिळाली.

आजची स्थिती काय? डावी आघाडी २०१९ मध्ये संसदेत परतली, २०२३ मध्ये २६ जागांनिशी सत्तेत भागीदार झाली. तिच्याच मांडीला मांडी लावून निवडून आलेल्या 'राझेम' या छोट्या पक्षाने मात्र सरकारात जाण्याचे नाकारले. त्याचे नेते आद्रियान झांडबर्ग जून १९८९ मध्ये दहा वर्षांचेही नव्हते, म्हणजे जुन्या राजवटीचे ओझे त्यांच्या खांद्यावर नाही. मे २०२५ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या पहिल्या फेरीत त्यांना पाच टक्क्यांहून किंचित कमी मते पडली. तरुणांत हे प्रमाण पुष्कळ अधिक होते. तिन्ही डाव्या उमेदवारांची बेरीज केली तरी ती दहा टक्क्यांच्या आसपासच भरते.

घरांच्या किमती, दवाखाने आणि कंत्राटी नोकऱ्या यांविषयी ही नवी पिढी बोलते आहे, जुन्या झेंड्याविषयी नाही. १९९३ मध्ये गुरुजींनी व मी ज्याला पुनरागमन समजलो, ते एका पक्षाच्या अनुभवी माणसांचे पुनरागमन होते. समाजवाद म्हणता येईल असे काही पोलंडमध्ये उगवत असेल, तर ते या दहा टक्क्यांत आहे. आणि पुढची संसदीय निवडणूक २०२७ मध्ये आहे.