अधिक मासाची चार गाणी

वर्षाचे आठवडे बावन्न. दर आठवड्याला गाणे एक. तर वर्षाची गाणी किती? बावन्न, असे कोणताही बी.कॉम. झालेला माणूस सांगेल. पण 'गीतरामायणा'त गाणी आहेत ५६! आमच्या बँकेत चार रुपयांचा फरक आला तरी रात्री आठपर्यंत घर दिसत नाही. इथे तर चार अख्खी गाणी जास्त, आणि तीही सरकारी खात्यात!

फरक सापडला तो पंचांगात. आकाशवाणीच्या पुणे केंद्राने १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या शुक्रवारी, हे रामायण सुरू केले. कल्पना सीताकांत लाड यांची, शब्द गदिमांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. बेत बावन्न गाण्यांचाच होता. पण त्या वर्षी निघाला अधिक मास, पुढची रामनवमी गेली लांब, आणि गदिमांना चार गाणी जास्त लिहावी लागली. अधिक मासात जावयाला अनारसे मिळतात; त्या वर्षी अख्ख्या महाराष्ट्राला वाण मिळाले.

याहून गंमत पुढेच आहे. तेव्हाचे नभोवाणीमंत्री बा. वि. केसकर. शास्त्रीय संगीताचे भोक्ते. त्यांच्या अमदानीत आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोक काय करणार? त्यांनी काटा फिरवला आणि थेट सिलोन गाठले. तिथे डिसेंबर १९५२ पासून अमीन सयानी 'बिनाका गीतमाला' घेऊन बसलेच होते. म्हणजे सिनेमाला दार बंद, आणि त्याच घरात वर्षभर गाजलेला कार्यक्रम केला कुणी, तर गदिमा आणि बाबूजी या अस्सल सिनेमावाल्यांनी! अखेर ३ ऑक्टोबर १९५७ ला सरकारने 'विविध भारती' काढून सिनेमाच्या गाण्यांना परत घरात घेतले. तो दसऱ्याचा दिवस. 'गीतरामायणा'चे पुस्तकही सरकारने त्याच दिवशी प्रसिद्ध केले. दोन्ही जमा एकाच तारखेला; व्हाउचर मात्र वेगळी.

आमच्या शिरूरला रेल्वे नाही, ती दौंडला. पण पुण्याचा रेडिओ मात्र घोडनदीपर्यंत बिनतिकीट यायचा. आजी तेव्हा या घरात नवी सून होती. आळीत रेडिओ एकच, तोही एका वकिलांच्या ओसरीवर. रेडिओला लायसन्स लागे, दरवर्षी पोस्टात फी भरून. वकिलांनी फी भरायची ती एका घराची आणि ऐकायला आळीतली चाळीस माणसे! पोस्टाने कधी तक्रार केली नाही.

नवे गाणे शुक्रवारी सकाळी, मग शनिवार-रविवारी तेच पुन्हा. तीन संधी. आजी सांगते, पहिली ओळ ही धरायची, दुसरी शेजारच्या काकू, आणि खरखरीत गेलेली ओळ शनिवारी सापडायची. दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानापासून रामायण उतरत होते. पुढून रतीब, मागून राम. दोन्ही मध्यावर भेटले तेव्हा नवी वही आणली.

आता सगळी ५६ गाणी माझ्या खिशातल्या फोनमध्ये आहेत. न्हाव्याकडे नंबर लागेपर्यंत चार ऐकून होतात. खाते भरलेले, पण व्याज शून्य. कारण व्याज वाट बघण्यावर चढत होते, हे आता कळते.

मध्यंतरी आजीला म्हटले, "बस इथं, सगळं लावून देतो." पहिले गाणे संपले. तिने सगळे शब्द बरोबर म्हटले, एके ठिकाणी तर माझ्या फोनच्या आधी. दुसरे सुरू होणार तोच म्हणाली, "बंद कर रे. पुढचं शुक्रवारी."

"अगं, सगळी आहेत यात!"

"असू देत. एका दिवसात संपवून पुढं काय करू?"

छप्पन्न शुक्रवार म्हणजे वर्ष आणि वर महिना. आजी नव्वदीला आलेली. बेरीज मी मनात केली, तोंडाने बोललो नाही. परवाच्या शुक्रवारी सतरावे झाले. शेजारच्या काकू आता नाहीत, म्हणून दुसरी ओळ हल्ली मी धरतो.