आरांच्या फुलदाण्या आणि प्रकाशाचा अन्वयार्थ

सतराव्या शतकातील डच पुष्पचित्रांच्या वाचनाची संकेतव्यवस्था आता सर्वपरिचित आहे. आम्ब्रोसियुस बोसखार्ट निरनिराळ्या ऋतूंतील फुले एकाच फुलदाणीत आणतो. बाजूने येणारा प्रकाश ट्यूलिपवर स्थिरावतो, आणि अशा चित्रांत खाली गळालेली पाकळी नश्वरतेची खूण ठरते. कृष्णाजी हौलाजी आरा (१९१४-१९८५) यांच्या पुष्पचित्रांना ही वाचनपद्धती जशीच्या तशी लावल्यास मात्र फारसे काही हाती लागत नाही.

जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये (स्थापना १८५७) रुजलेल्या वास्तवदर्शी परंपरेत स्थिरवस्तुचित्र म्हणजे मुख्यतः छायाप्रकाशाचा अभ्यास : एका दिशेने येणारा उजेड आणि क्रमाक्रमाने गडद होत जाणारी छाया. आरा त्या शिस्तीत घडले नव्हते. त्यांच्या अनेक चित्रांत, तैलरंगासारख्या जाड लावलेल्या जलरंगात, गुच्छ चित्रावकाश व्यापून टाकतो आणि उजेड कोणत्या खिडकीतून आला हा प्रश्नच गैरलागू ठरतो. उष्ण रंगाशेजारी शीत रंग येताच जो उजाळा निर्माण होतो, तोच तेथील प्रकाश. सेझानचे ऋण येथे उघड आहे.

प्रतीकाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. आपल्याकडे फूल खुडले जाते ते देवासाठी किंवा वेणीसाठी. दुसऱ्या दिवशी त्याचे निर्माल्य होते. नश्वरता नित्यकर्मातच सामावलेली असल्याने तिला वेगळ्या प्रतीकाची निकड नसते. फुलदाणी मात्र वसाहतकालीन दिवाणखान्यातली वस्तू. सिकंदराबादजवळच्या बोलारमहून लहानपणीच मुंबईत आलेल्या आरांनी इंग्रजांच्या घरी घरगडी म्हणून काम केले, मोटारी धुतल्या, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास भोगला. या चरित्राचा ठसा प्रत्येक पाकळीवर शोधण्याचा मोह समीक्षेने आवरलेला बरा. तो बहुधा चित्र न पाहण्याचाच एक मार्ग असतो. परंतु फुलदाणीचा सामाजिक पत्ताही विसरता येत नाही. ज्या घरात गडी तिच्यात पाणी भरतो, तेथे तिच्याकडे निवांत पाहण्याचा अधिकार मालकाचा असतो. आरांनी विषय तोच ठेवला आणि पाहणाऱ्याची जागा बदलली. प्रकाशाचा मालकीहक्क खिडकीकडून रंगाकडे जाणे, हा या स्थलांतराचाच चित्रगत पर्याय म्हणावा लागेल.

१९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या संस्थापकांत सूझा, रझा, हुसेन यांच्याबरोबर आराही होते. त्या बंडखोरांच्या मेळाव्यात फुलदाणी हा विषय सौम्य, जवळजवळ घरगुती भासला असणार. आणि पुढे ही चित्रे लागली तीही मुंबईच्या दिवाणखान्यांतच.