आळस, नखरे की नैराश्य? किशोरवयातली लक्षणं ओळखायची कशी?

सोलापूरहून अक्कलकोट रस्त्याने निघालं की कुंभारी लागतं. विडी कामगार महिलांसाठी उभी राहिलेली १० हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत इथलीच. जानेवारी २०२४ मध्ये ज्या रे नगरच्या १५ हजार घरांच्या चाव्या दिल्या गेल्या, तेही इथेच. इथल्या अनेक घरांत विड्या घरीच वळल्या जातात. शाळेतून आलेली मुलगी दप्तर ठेवते आणि आईच्या शेजारी बसून हातभार लावते. घर हाच कारखाना असेल, तर 'मला जरा एकटीला बसू दे' असं म्हणून जायला दुसरी खोली नसते.

अशा घरात मुलगी गप्प झाली, तर ते लक्षात येतं का? येतं. फक्त त्याला नाव दिलं जातं आळस, नखरे, नाहीतर 'वयात आलीये'.

त्यात थोडं तथ्यही आहे. वयात येताना शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, झोप उशिरा लागते, सकाळी डोळे उघडत नाहीत. भावनांचा जोर वाढलेला असतो आणि त्यांना आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडतच असतो. त्यामुळे दार आपटणं, रुसणं हा आजार नव्हे.

मग आजार कधी? ढोबळ कसोटी दोन आठवड्यांची. उदासी किंवा चिडचिड जवळपास रोज राहिली, झोप-भूक बिघडली, आवडता खेळ किंवा मैत्रिणी नकोशा झाल्या, शाळा बुडू लागली, तर डॉक्टरांना दाखवायला हवं. मुलं 'मी उदास आहे' असं क्वचितच म्हणतात. पोट दुखतं, डोकं दुखतं असं म्हणतात. स्वतःला इजा करणं किंवा मरणाची भाषा दिसली, तर दोन आठवडे थांबायचं नाही. 'जीव द्यावासा वाटतो का?' असं थेट विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते.

हे काही विरळा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते १० ते १९ वयोगटात सातपैकी एकाला मानसिक विकार असतो. भारताच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात हे प्रमाण ७.३ टक्के आढळलं.

जायचं कुठे? कुंभारीपुरतं बोलायचं तर अंतराचा प्रश्नच नाही. अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय गावातच आहे आणि वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग असावाच लागतो. अडतं ते 'लोक काय म्हणतील' इथे, आणि मुलीचं लग्न ठरायचं असेल तर जास्तच. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ मध्ये सुरू झाला. त्याअंतर्गत सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी सल्ला केंद्रं आहेत, महाराष्ट्रात त्यांना 'मैत्री क्लिनिक' म्हणतात. तिथे मासिक पाळीपासून अभ्यासाच्या ताणापर्यंत काहीही विचारता येतं. त्यामुळे 'वेड्यांच्या डॉक्टरकडे' गेल्याचा शिक्का बसत नाही. जवळचं केंद्र कुठे आहे, हे आशाताईंना विचारा.

दवाखान्याची पायरी चढवत नसेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो. सोलापूरच्या विडी वस्त्यांत घरात तेलुगू किंवा कन्नड आणि शाळेत मराठी असं सर्रास असतं. इथे तिन्ही भाषांची सोय आहे. फोन लागल्यावर आधी भाषा निवडायची, मग समुपदेशक बोलतात आणि गरज वाटली तर पुढे मानसोपचारतज्ज्ञांशी जोडून देतात.