ट्राममार्गाची निगा : नगरसंस्था व वाहतूकसंस्था यांच्यातील कर्तव्यविभागणीचा इतिहास

रस्ता एक आणि त्याच्यावर हक्क सांगणाऱ्या संस्था दोन, अशी स्थिती जेथे उत्पन्न होते, तेथे त्या रस्त्याच्या दुरुस्तीचा प्रश्न आज ना उद्या कायद्याच्या दारी जाऊन उभा राहतो. आगगाडीच्या बाबतीत हा प्रश्न फारसा उद्भवला नाही. कारण तिची वाट तिच्या मालकीची व कुंपणाने वेगळी केलेली होती. ट्रामचे तसे नव्हते. ती सार्वजनिक रस्त्यावर आली, आणि तिचे रूळ रस्त्याच्या पोटात रुतवावे लागले. रूळ कंपनीचे आणि रस्ता नगराचा. मग रुळाला लागून असलेला दगड उखडला, तर तो बसवावयाचा कोणी? प्रश्न दिसण्यात क्षुल्लक आहे. परंतु इंग्लंडमध्ये ट्रामच्या उत्कर्षाचा व तिच्या अस्ताचा काही भाग या प्रश्नाच्या उत्तरात दडलेला आहे.

जॉर्ज फ्रान्सिस ट्रेन या अमेरिकन उद्योजकाने १८६० साली बर्कनहेड येथे आणि १८६१ साली लंडनमध्ये घोड्यांची ट्राम सुरू केली. त्याच्या रुळाची एक कड रस्त्याच्या पातळीहून वर आलेली असे. इतर गाड्यांची चाके तीवर आदळत, घोडागाड्यांचे मालक संतापत. आणि रस्त्याची नासधूस केल्याबद्दल ट्रेनवर खटलाही झाला. लंडनमधील त्याचे मार्ग अल्पावधीत उखडून टाकावे लागले. बर्कनहेडचा मार्ग मात्र खाचेचे रूळ घालून टिकविण्यात आला. ट्रामला विरोध झाला तो गाडीला नव्हे, तिने रस्त्याला आणलेल्या उंचसखलपणाला झाला, ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे पुढील कायद्याचा रोख नीट उमगतो.

तो कायदा १८७० चा ट्राममार्ग कायदा होय. त्याच्या २५ व्या कलमाने रुळाचा माथा रस्त्याच्या पृष्ठभागाशी समतल असला पाहिजे, असा दंडक घातला. २८ व्या कलमाने निगेची वाटणी केली. दोन रुळांमधील रस्ता आणि बाहेरच्या बाजूंस प्रत्येकी १८ इंचांचा पट्टा ट्राम चालविणाऱ्यांनी स्वखर्चाने सुस्थितीत राखावा. शेजारी-शेजारी दोन मार्ग असून त्यांतील अंतर चार फुटांपेक्षा अधिक नसेल, तर मधली जागाही त्यांनीच सांभाळावी, असे त्यात ठरले. रस्ता फोडण्यापूर्वी रस्ता-अधिकाऱ्यांस सात दिवसांची सूचना देण्याचे बंधन निराळेच होते.

या वाटणीमागील विचार अन्यायाचा नव्हता. ट्रामचे घोडे रुळांच्या मधून चालत. दिवसभर एकाच अरुंद पट्ट्यावर नालांचे आघात होत आणि तेथील दगड इतरत्र झिजत त्यापेक्षा लवकर झिजत. ज्याने झीज करावी त्याने ती भरून द्यावी, हे तत्त्व सरळ होते. मात्र या तत्त्वाला कायद्याने इंचांचे माप दिले, आणि माप एकदा कायद्यात शिरले की त्यामागचे कारण गेले तरी माप जात नाही.

त्या मापाचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. चार फूट साडेआठ इंच रुंदीचा एकेरी मार्ग घेतला, तर दोन्हीकडचे १८ इंच धरून सात फूट साडेआठ इंचांचा पट्टा होतो. दुहेरी मार्ग असून मधली जागा चार फूट असल्यास एकूण रुंदी १६ फूट ५ इंच भरते. रस्ता २४ फुटांचा असेल, तर त्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग ट्राम कंपनीच्या गळ्यात पडतो. शिवाय त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक मालगाडीने केलेली झीजही तिलाच भरून द्यावी लागते.

कलमाची शब्दयोजनाही बारकाईने वाचण्याजोगी आहे. मराठी शासकीय गद्यात ‘रस्ता सुस्थितीत ठेवला जावा’ असे कर्मणी वाक्य लिहिले की कर्ता सोयीस्करपणे अदृश्य होतो. १८७० च्या कायद्याने ती सोय ठेवली नाही. कर्ता आरंभीच नामनिर्देश करून उभा केला. परंतु साहित्य कोणते वापरावे आणि काम कोणत्या रीतीने करावे, हे रस्ता-अधिकाऱ्याने सांगावयाचे. व्याकरणाच्या परिभाषेत, कंपनी हा प्रयोज्य कर्ता आणि रस्ता-अधिकारी हा प्रयोजक कर्ता. पैसा एकाचा व आज्ञा दुसऱ्याची, अशा रचनेत आज्ञा देणाऱ्याला काटकसरीचे कारण उरत नाही. खडीऐवजी घडीव दगड हवेत, असे सांगताना नगराच्या तिजोरीला झळ लागत नसे. २९ व्या कलमाने उभयतांना परस्पर करार करून खर्चाचे प्रमाण ठरविण्याची मुभा दिली होती, हे खरे. पण ज्याच्या बाजूने कायदा आधीच झुकलेला आहे, त्याने करारासाठी उत्सुक का असावे?

याच कायद्यातील दुसरी एक तरतूद निगेच्या मुळावर आली. २१ वर्षांनंतर स्थानिक संस्थेला ट्राममार्ग विकत घेण्याचा हक्क ४३ व्या कलमाने दिला होता, आणि किंमत द्यावयाची ती ‘तत्कालीन मूल्या’ची. या दोन शब्दांवरून एडिंबरो व लंडन येथील कंपन्यांचे वाद हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले. धंद्याची कमाई त्या मूल्यात धरता येत नाही, असा निर्णय १८९४ साली लागला. म्हणजे कंपनीच्या पदरात पडणार ती रुळांची, तबेल्यांची व गाड्यांची किंमत. मुदत जवळ येऊ लागली की भांडवल ओतण्याचा हुरूप संपे, हे यावरून उघड आहे.

मुंबईचे उदाहरण येथे उद्‌बोधक आहे. ९ मे १८७४ रोजी कुलाबा ते पायधुणी घोड्यांची ट्राम सुरू झाली, ती १८७४ च्या मुंबई ट्राममार्ग कायद्यान्वये; आणि त्या कायद्याप्रमाणे १९०१ साली ती विकत घेण्याचा हक्क नगरपालिकेला प्राप्त होणार होता. १८९९ मध्ये कंपनीने विजेवर ट्राम चालविण्याची परवानगी मागितली. पण एवढा मोठा खर्च करावयाचा तर नगरपालिकेने आपला खरेदीचा हक्क सोडून द्यावा, अशी अट सुचविली. नगरपालिकेने उलट कंपनीच ताब्यात घेण्याचे ठरविले, आणि कायदेशीर अडचणींत प्रकरण रेंगाळले. अखेरीस ३१ जुलै १९०५ च्या परवान्याने मार्ग निघाला, व विजेची पहिली ट्राम ७ मे १९०७ रोजी धावली. मधली आठ वर्षे मुंबईकर घोड्यांच्याच ट्रामने फिरत राहिले. मालकी कोणाची, या प्रश्नाची किंमत अशी प्रवाशाने मोजली.

विजेमुळे घोडा गेला. त्याच्याबरोबर रुळांमधील दगड झिजविणारे खूरही गेले. पण इंग्लंडमध्ये १८ इंचांची सीमा होती तेथेच राहिली. मोटारबस आल्यावर या विसंगतीला तीव्र धार आली. ट्रामने राखलेल्या फरसबंदीवरूनच बस धावू लागली व ट्रामचे उतारू पळवू लागली. अमेरिकेतही रस्त्यावरील ट्राम कंपन्यांवर फरसबंदीचा असाच बोजा होता, आणि १९१९ साली नेमलेल्या संघीय आयोगापुढे त्याची चर्चा झाली. इंग्लंडमधील शाही परिवहन आयोगाने पुढे नवे ट्राममार्ग बांधू नयेत व जुने क्रमाक्रमाने बंद करावेत, असाच अभिप्राय दिला. ट्राम केवळ या बोजामुळे बुडाली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. बसला रूळ लागत नाहीत, हे एकच कारण पुरेसे बलवान होते. परंतु शर्यतीतील एकाच्या पाठीवर शर्यतीच्या मैदानाचा खर्च लादलेला होता, हे नाकारता येत नाही.

ट्राम नगराच्याच मालकीची झाली म्हणजे तंटा मिटतो, अशी अपेक्षा साहजिक आहे. हडर्सफील्ड नगराने १८८३ मध्ये आपली ट्राम स्वतः चालविण्यास आरंभ केला आणि नंतर अनेकांनी तोच मार्ग धरला. वस्तुतः वाटणी तेथेही उरली; दोन संस्थांमधली होती, ती एका संस्थेच्या दोन खात्यांमध्ये आली. मुंबईतही ७ ऑगस्ट १९४७ रोजी ट्राम, बस व वीजपुरवठा महापालिकेकडे आला, तो स्वतंत्र हिशेबाचा उपक्रम म्हणून. ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदर ते दादर ही शेवटची ट्राम गेली आणि तेथील प्रश्नच संपला.

इतरत्र तो नव्या वेषात परतला आहे. अमेरिकेतील पोर्टलंड येथे २००१ साली सुरू झालेली ट्राम नगराच्या मालकीची आहे. चालक व यंत्रकारागीर मात्र ट्रायमेट या प्रादेशिक वाहतूकसंस्थेचे आहेत. येथे सीमारेषा रस्त्यावरून निघून मनुष्यबळात आखली गेली, आणि ही वाटणी इंचांच्या वाटणीपेक्षा अधिक शहाणपणाची म्हटली पाहिजे. कारण ती करारावर उभी असल्याने बदलता येते.

शेफील्डची हकीकत याहून गुंतागुंतीची आहे. त्या नगराने १८९६ साली कंपनीकडून ट्राम घेतली व ऑक्टोबर १९६० मध्ये ती बंद केली. १९९४ साली तेथे नवी ट्राम आली, तेव्हा १८७० च्या कायद्यातील २५ वे व २८ वे कलम तिला लागू करण्यात आले होते. रस्त्याच्या पातळीहून वर आलेल्या रुळामुळे अपघात झाला, असा एका मोटारचालकाचा दावा २००३ मध्ये अपील न्यायालयापुढे आला, आणि न्यायाधीशांना घोड्यांच्या काळातील वाक्यांचा अर्थ लावीत बसावे लागले. ट्रेनविरुद्धची तक्रार आणि ही तक्रार यांत सुमारे १४० वर्षांचे अंतर असले, तरी आशय एकच आहे. मध्यंतरी १९९७ साली ही ट्राम चालविण्याचे काम खाजगी कंपनीकडे गेले होते. मार्च २०२४ मध्ये ते प्रादेशिक सार्वजनिक संस्थेकडे परत आले. रस्त्यांचा प्रवास मात्र उलट दिशेने झालेला होता. २०१२ सालीच नगराने आपल्या रस्त्यांची निगा २५ वर्षांच्या कराराने एका खाजगी कंत्राटदाराकडे सोपविली होती. १८७० मध्ये ट्राम खाजगी व रस्त्याची निगा सार्वजनिक होती. शेफील्डमध्ये आता ट्राम सार्वजनिक असून रस्त्याची निगा खाजगी हाती आहे.