उकिरड्याचे पांग

नाताळच्या सुट्टीत नातवंडे शेणव्याला आली की आमच्या घरचा ओला कचरा दुप्पट होतो. यंदा सुनेच्या वसईच्या मैत्रिणीने केक दिला होता. त्याचे उरलेले तुकडे, संत्र्यांची आणि मटारची साले असे सगळे एका पिशवीत बांधून धाकट्याने विचारले, "आजी, घंटागाडी कधी येते?" मी त्याला परसातला खड्डा दाखवला. तो खड्डा पाहिला की मला सासूबाई आठवतात.

मी १९७४ साली सून म्हणून या घरात आले. तेव्हा परसात मोठा उकिरडा होता. शेण, चुलीतली राख, गोठ्यातला चिखल, उष्टे-खरकटे, सगळे त्यात. काही शेण आणि पालापाचोळा राबासाठी वेगळा ठेवत. भाताचे रोप टाकण्याआधी राब भाजण्याची आपल्या ठाणे जिल्ह्याची ही जुनी रीत. तिच्यासाठी जंगलातून फांद्या तोडू द्याव्यात की नाही, यावरून इंग्रज सरकारशी एवढा वाद झाला की १८८५ साली चौकशी आयोग नेमावा लागला!

मी मात्र शाळेत 'परिसर स्वच्छता' शिकवणारी बाई. दारात उकिरडा? मला लाज वाटे. १९८६ साली मी हट्टाने तो बुजवून घेतला. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. पुढे वर्षभर त्या भाजीची देठे पदरात घेऊन शेजारच्या उकिरड्यावर टाकून येत असत, हे मला फार उशिरा कळले.

निवृत्तीनंतर वाचताना अल्बर्ट हॉवर्ड भेटले. १९२४ पासून इंदूरच्या संस्थेत त्यांनी खत कुजवण्याची पद्धत बसवली. काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर द्यायचे, ओल राखायची, मधूनमधून वरखाली करायचे. जिवाणूंच्या कामाने ढीग तापतो आणि तीनेक महिन्यांत खत तयार. १९३१ साली त्यावर पुस्तक आले. हॉवर्ड यांच्याबरोबरचे दुसरे लेखक होते यशवंत वाड. पुढे यवतमाळच्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी भोके ठेवलेल्या विटांच्या हौदाची रीत दिली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती 'नाडेप'.

वाचता वाचता मी थांबले. शेण, राख, गोठ्यातली माती... हे तर आमच्या परसातलेच साहित्य! साहेब शिकायला आपल्या शेतकऱ्यांकडे गेले होते. मी शिकलेली, आणि घरातल्या माणसालाही विचारले नाही.

सासूबाई तेव्हा नव्हत्या. त्याच जागी मी खड्डा खणवून घेतला. नाताळात भाताची झोडणी उरकलेली असते, पेंढा भरपूर. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर तो पसरला की वास येत नाही, माश्या बसत नाहीत. केक-तेलकट थोडेच, तेही खोल पुरून, नाहीतर उंदीर येतात. केकचा चकचकीत कागद मात्र बाहेर!

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात. आमच्या उकिरड्याला त्याहून जास्त वर्षे लागली. असो. धाकटा आता रोज सकाळी पेंढ्याची मूठ टाकून येतो. मे महिन्यात येईल तेव्हा खत त्याच्याच हाताने आंब्याला घालायचे ठरले आहे. हा आंबा सासूबाईंनी लावलेला.

तुमच्या घरचा उकिरडा कुठे होता? आठवत असेल तर जरूर कळवा.