तिरप्या अक्षराची गोष्ट

शासकीय सेवेच्या आरंभीच्या काळात आम्ही एका इंग्रजी अहवालाचा मसुदा टाइप करवून छापखान्याकडे धाडला होता. त्यात काही शब्दांखाली रेघा ओढल्या होत्या. अहवाल छापून आला तेव्हा रेघा नाहीशा झाल्या होत्या आणि ते शब्द तिरप्या अक्षरांत उभे होते. वृद्ध जुळाऱ्याने हसून खुलासा केला, “साहेब, टाइपरायटरला तिरपे अक्षर येत नाही, म्हणून तो रेघ मारतो. रेघ म्हणजे इटॅलिक, हे आम्ही समजून घेतो.” त्या दिवसापासून या अक्षराविषयी आमच्या मनात जे कुतूहल जागे झाले, ते आजही शमलेले नाही.

इटॅलिकचा जन्म व्हेनिसचा. 1501 साली आल्डस मानुशियस या प्रकाशकाने व्हर्जिलचे काव्य लहान आकाराच्या ग्रंथात छापले. त्यासाठी फ्रान्चेस्को ग्रिफो या कारागिराने विद्वानांच्या जलद हस्ताक्षरावरून नवे ठसे कोरले. म्हणजे इटॅलिक हे मुळात कललेले रोमन अक्षर नव्हे. ती धावत्या लेखणीची स्वतंत्र वळणे आहेत. त्याची मोठी अक्षरे तर आरंभी उभीच होती. प्रथम संपूर्ण ग्रंथच या अक्षरात छापले जात. पुढे ते रोमनच्या जोडीला बसले आणि ग्रंथनामे, परभाषेतील शब्द व भर द्यावयाचे शब्द ही कामे त्याच्याकडे आली.

दुसरे घराणे याहून अगदी निराळे आहे. 1815 च्या सुमारास लंडनच्या व्हिन्सेंट फिगिन्सने ‘अँटिक’ नावाचा ठसा विक्रीस काढला. अक्षराच्या टोकांना जी बारीक पावले असतात त्यांना सेरिफ म्हणतात. फिगिन्सने ती जाड, चौकोनी, पाटासारखी केली. म्हणून या वर्गाला स्लॅब सेरिफ हे नाव मिळाले. नेपोलियनच्या 1798 च्या मोहिमेनंतर युरोपात इजिप्तचे वेड पसरले होते, त्या ओघात यांस ‘इजिप्शियन’ असेही म्हणू लागले. हे अक्षर भिंतीवरील जाहिरातींचे. दुरून दिसावे एवढीच त्याची प्रतिज्ञा. 1845 साली रॉबर्ट बेस्लीच्या ‘क्लॅरेंडन’ने त्याला थोडे सौम्य केले आणि कोशांतील शब्द ठळक दाखविण्याचे काम दिले. टाइपरायटरनेही हेच कुळ स्वीकारले. तेथे ‘आय’ आणि ‘एम’ यांना सारखीच जागा मिळते. तेव्हा ‘आय’सारख्या कृश अक्षराने आपले घर भरावयाचे ते या रुंद पावलांच्या बळावर. आयबीएमसाठी हॉवर्ड केटलर यांनी आखलेले ‘कुरिअर’ त्याच परंपरेतले. 1961 च्या ‘सिलेक्ट्रिक’ यंत्रात अक्षरांचा गोळा बदलता येऊ लागला, तेव्हा टंकलेखकाला इटॅलिक वापरणे सोपे झाले.

आता खरा पेच. धावत्या लेखणीच्या अक्षराला जड चौकोनी पावले जोडावयाची कशी? सोपा मार्ग म्हणजे उभे अक्षर तसेच कलते करणे. 1934 च्या ‘रॉकवेल’ने तोच धरला. एरिक गिलने 1930 च्या सुमारास ‘जोआना’ आखताना दुसरा मार्ग चोखाळला: कल अगदी थोडा, पण अक्षर अरुंद आणि वळण लेखणीचे. नेदरलंड्सच्या पेटर मातियास नॉर्टझेय यांनी 1990 साली प्रसिद्ध झालेल्या ‘सेसिलिया’त हा मार्ग पूर्णत्वास नेला. तिच्या इटॅलिकमध्ये ‘ए’चे दुमजली रूप एकमजली होते. पाऊल सरसकट येत नाही. लेखणी जेथे अक्षरात शिरते वा बाहेर पडते तेथेच ते उमटते. जाडीतला फरक बेताचा असल्याने पुसट पडद्यावरही बारीक रेषा हरवत नाहीत. 2007 साली आलेल्या ‘किंडल’ या वाचनयंत्राने वाचनासाठी ‘सेसिलिया’च निवडली, ती उगाच नव्हे.

हे सारे वाचताना आम्हांस सतत आठवते ती मोडी. बालबोध हे आपले उभे अक्षर. मोडी हे बोरू न उचलता धावणारे. युरोपने आपले धावते अक्षर उभ्याच्या शेजारी बसविले, म्हणून ते पाचशे वर्षे जगले. मोडीचेही खिळे पडले होते. विल्यम कॅरीचा 1810 चा मराठी कोश श्रीरामपुरात मोडी ठशांतच छापला गेला. परंतु पुढे छपाई बालबोधची झाली, मोडी दप्तरात राहिली आणि दप्तरातूनही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उठली. आज संगणकावर देवनागरी कलती करून आपण तिला इटॅलिक म्हणतो. पण तो केवळ कल आहे, त्यामागे कोणाचा हात नाही.

ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथील आपल्या किती घरांत रुमालांत बांधलेली मोडी दप्तरे आहेत! आमच्याही घरी पणजोबांच्या हातचे एक दप्तर आहे. त्यातील तारखेपलीकडे आम्हांस काही लागत नाही. 2014 साली युनिकोडने मोडीला स्थान दिले. अक्षरांची सोय झाली, उणीव आहे ती वाचणाऱ्या डोळ्यांची. मंडळाच्या सभासदांपैकी ज्यांच्या घरी मोडी वाचणारे कोणी वडीलधारे असतील, त्यांनी एखाद्या नातवाला त्यांच्याजवळ बसवावे, एवढीच विनंती. आमचे नाव पहिल्या विद्यार्थ्यांत धरावे.